जनाची लाज, मनाची लाज

परक्या देशाची ओळख तेथील राजवाडे आणि वस्तुसंग्रहालयें पाहून होते, असा पुष्कळांचा समज असतो. आमचा अनुभव निराळा आहे. इंग्लंडांत आम्ही कांहीं काळ एका लहानशा खेड्यांत राहिलों, आणि त्या मुदतींत त्या लोकांविषयीं जें थोडेंबहुत शिकलों, तें बसच्या थांब्यावर आणि अंड्यांच्या एका पेटीपाशीं शिकलों.

थांब्यावरची गोष्ट अशी. पावसाची झिमझिम बहुधा चालूच असे. चार-सहा माणसें वाटेल तशीं उभीं असत. कोणी छपराखालीं, कोणी दुकानाच्या दाराशीं, कोणी भिंतीला टेकून. पाहणाराला वाटावें, येथें रांग म्हणून कांहीं नाहींच. परंतु बस येऊन थांबली, कीं जो प्रथम आला असेल तोच प्रथम चढे, आणि त्याच्या मागून आलेला त्याच्या मागून. कोण कोणाच्या आधीं आलें याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यांत बिनचूक असे. एकदां आम्हीं नकळत एका वृद्ध बाईंच्या आधीं पायरीवर पाऊल ठेवलें. कोणी एक शब्द बोललें नाहीं. मागें कोणीसें हलकेंच खोकलें, एवढेंच. त्या खोकल्यानें आमचे कान जे तापले, ते पुढें दोन मैल तसेच होते.

अंड्यांच्या पेटीची हकीकत याहून थोडी नाजूक आहे. गांवाबाहेर एका शेताच्या फाटकाशीं लांकडी पेटी ठेवलेली असे. तींत सहा-सहा अंड्यांचे पुठ्ठ्याचे डबे, वर खडूनें लिहिलेली किंमत, आणि शेजारीं पैसे टाकण्यासाठीं फट पाडलेला पत्र्याचा डबा. विकणारा नाहीं, राखणारा नाहीं. एका संध्याकाळीं आमच्यापाशीं सुटे पैसे नव्हते. उद्यां आणून टाकूं, म्हणून आम्ही अंडीं घेऊन घरीं आलों. उद्यां पाऊस होता. परवां काम होतें. तेरवां विसर पडला. चौथ्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर एकाएकीं आठवण झाली. आणि कबूल करावयास लाज वाटते, परंतु मनांत जो पहिला विचार आला तो पैसे देण्याचा नव्हता. 'त्या दिवशीं कोणीं पाहिलें तर नव्हतें ना?' हा होता. सकाळीं उठून आम्ही गेलों आणि डब्यांत दुप्पट पैसे टाकले. दुप्पट कां टाकले, या प्रश्नानें मात्र त्यानंतर आमचा पिच्छा सोडलेला नाहीं, आणि प्रस्तुत लेखाचें निमित्तही तोच आहे.

आपल्याकडे बेशरम माणसाला उद्देशून म्हणतात, 'जनाची नाहीं, तर मनाची तरी लाज बाळग.' ही म्हण आपण इतक्या सहज उच्चारतों कीं तिच्यांत नीतिशास्त्राचा केवढा मोठा प्रश्न सांठविला आहे, इकडे लक्ष जात नाहीं. थांब्यावर आमचे कान तापले ती जनाची लाज. अंड्यांच्या पेटीपाशीं पाहणारें कोणी नव्हतें. तेथें लाज वाटलीच तर ती मनाची वाटावयास हवी होती. परंतु तेथेंही आम्हांला प्रथम आठवले ते जनच. मग मनाची लाज म्हणून कांहीं स्वतंत्र वस्तु आहे, कीं जनाचीच लाज मुरून मुरून मनाची होते? आणि ज्या समाजानें जनाची लाज उत्तम प्रकारें संभाळली आहे, त्याला मनाची लाजही साधली आहे असें समजावें काय? एका वाक्यांत सांगावयाचें तर, शिष्टाचार हा सदाचाराचा पाया आहे, कीं केवळ त्याचा मुखवटा?

या प्रश्नाच्या विचाराला इंग्रजांचें जीवन विशेष सोयीचें आहे. कारण खेळांतील न्यायबुद्धि हीच सर्व नीतीची जननी, असें मानणारा तो समाज आहे. एखादें कृत्य कायद्याला धरून आहे पण मनाला रुचत नाहीं, तर इंग्रज म्हणतो, 'हें क्रिकेट नव्हे.' खेळाचें नांव नीतीचें नांव होऊन बसावें, हा योग भाषेंत फार क्वचित् येतो. रांग हा त्याच वृत्तीचा रस्त्यावरील आविष्कार होय. २०२२ च्या सप्टेंबरांत राणी एलिझाबेथ यांचें पार्थिव वेस्टमिन्स्टर येथें दर्शनासाठीं ठेवलें होतें, तेव्हां थेम्सच्या कांठाकांठानें मैलोगणती रांग लागली. मनगटाला आंकडा घातलेली कागदी पट्टी बांधून लोक रात्रभर पुढें सरकत होते. फुटबॉलपटु डेव्हिड बेकहॅम यांना मागल्या दारानें आंत जाणें अशक्य होतें असें नाहीं. ते बारा तासांहून अधिक वेळ इतरांबरोबर उभे राहिले, आणि याचें लोकांना राणीच्या राजवैभवापेक्षांही अधिक कौतुक वाटलें. रांगेंत श्रीमंत आणि गरीब यांचा वेळ सारख्याच मोलाचा ठरतो. समतेचा एवढा स्वस्त आणि एवढा सुबोध पाठ दुसरा नाहीं. आपल्याकडे तिकिटाच्या खिडकीशीं ओळखीचा माणूस शोधणाऱ्या नजरा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना या पाठाची किंमत निराळी सांगावयास नको.

तथापि, खेळाच्या मैदानावर थोडें थांबून पाहिलें तर चित्र तितकें सरळ राहत नाहीं. २ जुलै २०२३ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कसोटी सामन्याचा शेवटचा दिवस होता. इंग्लंडचा फलंदाज जॉनी बेअरस्टो यानें एक उसळता चेंडू वांकून सोडून दिला, आणि षटक संपलें असें समजून तो रेषेबाहेर चालूं लागला. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक ॲलेक्स केरी यानें चेंडू हातीं येतांच यष्टींवर फेंकला. नियमानें बेअरस्टो बाद झाला. त्यांत शंकेला जागा नव्हती. परंतु सारें मैदान खवळलें. उपाहाराच्या वेळीं ऑस्ट्रेलियाचे खेळाडू क्लबाच्या सुप्रसिद्ध दिवाणखान्यांतून जात असतां, गळ्यांत क्लबाचे पट्टे बांधलेले प्रतिष्ठित सभासद त्यांच्या अंगावर ओरडले. क्रिकेटचे नियम जो क्लब संभाळतो, त्याच एम. सी. सी. ला पाहुण्यांची माफी मागून आपल्या तीन सभासदांना निलंबित करावें लागलें. खिलाडूपणाच्या रक्षणासाठीं खिलाडूपणा सोडण्याचा हा प्रकार हास्यास्पद होता हें खरें. पण हंसून सोडून देण्याजोगा नव्हता. आपल्यावर अन्याय झाला असें वाटतांच शिष्टाचार किती लवकर गळून पडतो, हें त्यांत दिसलें.

या खेळांतील दुसरा वाद तर आपल्या परिचयाचाच आहे. १९४७ च्या डिसेंबरांत सिडनी येथें विनू मंकड यांनीं चेंडू टाकण्याआधींच रेषा सोडून पुढें सरकलेल्या बिल ब्राऊनला धांवबाद केलें. नियम मंकडांच्या बाजूस होता, आणि प्रतिपक्षाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनींही पुढें आपल्या आत्मचरित्रांत त्यांची बाजू घेतली. असें असतां बाद करण्याच्या त्या रीतीला मंकडांचें नांव चिकटलें, आणि तें नांव कित्येक वर्षें दूषणासारखें वापरलें गेलें. २०२२ च्या सप्टेंबरांत लॉर्ड्सवरच दीप्ती शर्मानें चार्ली डीनला याच रीतीनें बाद करून भारताला सामना जिंकून दिला, तेव्हां तोच कोलाहल पुन्हां झाला. आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, चेंडू पडण्याआधीं पुढें सरकून जो धांव चोरूं पाहतो त्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाहीं. त्याला पकडणाराला मात्र म्हणतात. त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून एम. सी. सी. नें हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या नियमांतून काढून साध्या धांवबादाच्या नियमांत घातला, तो योग्यच होता. शिष्टाचाराचा दोष येथें स्पष्ट होतो. तो योग्यायोग्य ठरवितांना न्यायाकडे न पाहतां वहिवाटीकडे पाहतो. आणि वहिवाट कोणीं घातली, हा प्रश्न विचारावयास धजत नाहीं.

ती वहिवाट कोणीं घातली होती? इंग्लंडांत १९६२ पर्यंत क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. पैसे न घेतां खेळणारे ते 'जंटलमेन' आणि रोजी घेऊन खेळणारे ते 'प्लेअर्स'. कित्येक मैदानांवर दोघांचे कपडे बदलण्याचे दिवाणखाने निराळे, मैदानांत उतरण्याचीं दारें निराळीं. धांवफलकाच्या कागदावर जंटलमनच्या नांवाचीं आद्याक्षरें आडनांवाच्या आधीं छापीत, आणि प्लेअरचीं मागून. १९५० सालीं लॉर्ड्सवर तरुण फ्रेड टिटमस याचीं आद्याक्षरें चुकून आधीं छापलीं गेलीं, तेव्हां ध्वनिक्षेपकावरून त्या चुकीची दुरुस्ती गंभीरपणें जाहीर करण्यांत आली! विसाव्या शतकांत इंग्लंडच्या संघानें पहिला व्यावसायिक कर्णधार नेमला तो १९५२ सालीं, लेन हटन. आणि योगायोगानें त्याचा पहिला सामना भारताशींच झाला. ज्यांनीं 'हें क्रिकेट नव्हे' हा मंत्र जगाला दिला, त्यांनीं आपल्याच सोबत्याला शेजारच्या दारानें पाठविण्यांत क्रिकेटच्या विरुद्ध कांहीं होतें असें पुष्कळ वर्षें मानलें नाहीं.

परंतु येथें इंग्रजांकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होऊं लागलों, तर तो अप्रामाणिकपणा होईल. चर्मकार समाजांतील बाळू पालवणकर हे पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां साहेबांना गोलंदाजी करीत आणि त्यांतून असामान्य गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवावयाचें होतें, म्हणून त्यांना संघांत घेतलें गेलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत धरला. पण चहाच्या वेळीं त्यांना बाहेर उभें करून मातीच्या भांड्यांत चहा देण्यांत आला. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्याच बाळूंनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांना कधीं लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें. इंग्रजांचीं दोन दारें आणि आमचें मातीचें भांडें यांत भेद आहे, आणि तो आमच्या बाजूचा नाहीं. दोन्हीं ठिकाणीं जनाची लाज शाबूत होती. किंबहुना जनाच्या लाजेनेंच हा अन्याय घडविला. बाळूंबरोबर बसून चहा घ्यावा असें एखाद्याच्या मनांत आलें असेल. पण लोक काय म्हणतील?

म्हणून जनाची लाज ही दुधारी आहे असें आम्हांला वाटतें. ती माणसाला रांगेंत उभें करते, आणि तीच रांगेबाहेरच्या माणसाला बाहेर ठेवते.

मनाच्या लाजेचाही एक नमुना इंग्रजांच्याच व्यवहारांत सांपडतो. सतराव्या शतकांत क्वेकर पंथाच्या दुकानदारांनीं घासाघीस करण्याचें नाकारलें. जी किंमत शेवटीं घ्यावयाची, तिच्याहून अधिक आधीं सांगणें म्हणजे असत्य बोलणें, एवढाच त्यांचा मुद्दा. मूल आलें काय, प्रौढ आला काय, किंमत एकच. तेव्हां सारा बाजार घासाघिशीवर चालत होता. तेव्हां जनाच्या दृष्टीनें हे लोक विक्षिप्त ठरले. परंतु फसवणूक होणार नाहीं अशी खात्री पटतांच गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलें, आणि एका पंथाचा विवेक कालांतरानें सगळ्या बाजाराचा शिष्टाचार झाला. मनाची लाज प्रथम एकट्याला वाटते, आणि पुढें ती जनाची होते. उलट दिशेनेंही प्रवास होतो. लंडनच्या शेअर बाजाराचें ब्रीदवाक्य 'माझा शब्द हाच माझा करार' अशा अर्थाचें आहे. परंतु २०१२ च्या जूनमध्यें त्याच शहरांतील बार्क्लेज बँकेला, व्याजाचे दर कळवितांना लबाडी केल्याबद्दल, २९ कोटी पौंडांचा दंड झाला. ब्रीद राहिलें; लाज गेली.

आतां आम्ही अशा प्रकरणाकडे येतों कीं ज्यापुढें बेअरस्टोचा वाद पोरखेळ वाटावा. इंग्लंडांतील खेड्याचें पोस्ट म्हणजे बहुधा एखाद्या किराणा दुकानाचा कोपरा. दुकानदारच पोस्टमास्तर, तोच पेन्शन देतो, पार्सल तोलतो आणि म्हाताऱ्यांची विचारपूस करतो. त्याच्या सचोटीवर गांवाचा विश्वास असतो. १९९९ पासून या पोस्टांतून 'होरायझन' नांवाची संगणकी हिशेबपद्धति बसविण्यांत आली. थोड्याच दिवसांत ठिकठिकाणीं हिशेबांत तूट दिसूं लागली. करारान्वयें ती तूट पोस्टमास्तरानें भरून द्यावयाची होती. लोकांनीं साठविलेले पैसे भरले, घरें गहाण टाकलीं. मदतीसाठीं दूरध्वनि केला तर अनेकांना उत्तर मिळे, 'अशी अडचण दुसऱ्या कोणालाच नाहीं.' १९९९ पासून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक पोस्टमास्तर दोषी ठरले, आणि त्यांपैकीं बहुतेक खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेंच भरले होते. त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ होते. सरे परगण्यांतील सीमा मिश्रा यांना २०१० सालीं गरोदर असतांना तुरुंगांत जावें लागलें. चूक संगणकाची होती. २०१९ सालीं उच्च न्यायालयानें तसा स्पष्ट निर्णय दिला, आणि २०२४ च्या मे महिन्यांत पार्लमेंटानें कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द केल्या. २०२५ च्या जुलैमध्यें प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालांत, या छळापायीं निदान तेरा जणांनीं जीव दिला असावा, असें नमूद आहे.

या प्रकरणांत कोणी रांग मोडली नव्हती. पत्रें सभ्य भाषेंत लिहिलेलीं होतीं. अधिकारी वेळेवर बैठकींना येत, वकील अदबीनें बोलत. शिष्टाचारांत तिळभर उणें नव्हतें. मग इतक्या वर्षांत कोणाचेच कान कां तापले नाहींत? आमच्या मतें याचें उत्तर म्हणींतच आहे. संस्थेला जन नसतात आणि मनही नसतें. बसच्या थांब्यावर खोकणारा कोणी असतो. मोठ्या कचेरींत प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरता सभ्य असतो आणि अन्याय टेबलांच्या मधल्या जागेंत घडतो. एका पोस्टमास्तरावर चोरीचा आळ येतो तेव्हां तो मान खालीं घालतो. शेंकडों निरपराध माणसें उध्वस्त करणारी संस्था मात्र निवेदन प्रसिद्ध करते. लाज वाटून घेण्याचें काम दुबळ्यांकडे आणि खुलासा करण्याचें काम बलवानांकडे, अशी ही वांटणी आहे.

परंतु या काळोखांतही एक गोष्ट आशेची घडली. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या गांवच्या जो हॅमिल्टन यांनीं तुरुंग टळावा म्हणून खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला, तेव्हां कागदोपत्रीं त्या अपराधी ठरल्या. गांवकऱ्यांनीं मात्र वर्गणी काढून त्यांना पैसे भरण्यास हातभार लावला आणि न्यायालयांत त्यांच्या पाठीशीं येऊन बसले. यंत्र एक सांगत होतें, कायदा एक सांगत होता. परंतु ज्यांनीं त्या बाईंच्या हातून रोज पाव घेतला होता, त्यांना त्या ठाऊक होत्या. तिकडे ॲलन बेट्स या गृहस्थांनीं इतर पीडितांना एका खेड्यांतील सभागृहांत गोळा केलें, तेव्हां प्रत्येकाला प्रथमच कळलें कीं आपण एकटे नाहीं. 'दुसऱ्या कोणालाच अडचण नाहीं' या असत्याचा बळी तेथें गेला. २०२१ सालीं जो हॅमिल्टन यांची शिक्षा न्यायालयानें रद्द केली. गांवानें ती तेरा वर्षें आधींच रद्द केली होती.

यावरून आम्हांला जें वाटतें तें असें. शिष्टाचार हा सदाचाराचा मुखवटा नव्हे, आणि पायाही नव्हे. तो सदाचाराचा सराव आहे. ज्यानें रांगेंत उभें राहण्याचा सराव केला, तो कठीण प्रसंगीं न्यायानें वागेलच असें नाहीं; पण ज्यानें तोही केला नाहीं, त्याला तो प्रसंग ओळखणेंसुद्धां कठीण जाईल. मात्र सरावालाच सामना समजणें ही चूक आहे. सामना असतो तो समोर दुबळा माणूस एकटा उभा असतो तेव्हां, आणि त्याच्या विरुद्ध नियम, वहिवाट, यंत्र व चारचौघे असे सगळे एका बाजूला असतात तेव्हां. त्या वेळीं बाळूंबरोबर चहाला बसावयाचें, किंवा कचेरींतील टेबलावरून उठून 'हें मला पटत नाहीं' असें म्हणावयाचें, हें काम मनाच्या लाजेवांचून होत नाहीं. संस्थेला मन नसेल; पण तिच्यांतील प्रत्येक खुर्चीवर मन असलेलें माणूस बसलेलें असतें, आणि संस्थेची लाज तेवढीच असते जेवढी त्या खुर्च्यांवरून बोलली जाते.

आतां त्या दुप्पट पैशांविषयीं. पुष्कळ विचारांतीं आमच्या ध्यानांत आलें कीं, तीं अंड्यांची किंमत नव्हती आणि प्रायश्चित्तही नव्हतें. ती न बोलण्याची किंमत होती. कबुली द्यावी लागूं नये म्हणून आम्हीं जादा पैसे मोजले, आणि वर स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेतलें. पीडितांना नुकसानभरपाई देऊन चुकीचें नांव टाळणाऱ्या संस्था करतात तें याहून मोठें असेल, निराळें नाहीं. एका चिठ्ठीवर 'उशीर झाला, क्षमा असावी' एवढें लिहून ती डब्यांत टाकली असती, तर साध्या किंमतींत भागलें असतें. तें आम्हांला त्या वेळीं सुचलें नाहीं. सुचलें असतें तर केलें असतें कीं नाहीं, याची मात्र आजही खात्री देववत नाहीं.